हांजी हांजीची किंमत कोण मोजतो?

परवा एका निवृत्त अधिकाऱ्यांच्या सत्कार-समारंभास हजर राहण्याचा योग आला. शाल झाली, श्रीफळ झाले, पुष्पगुच्छ झाले आणि मग भाषणांना आरंभ झाला. पहिल्या वक्त्याने सत्कारमूर्तींना वटवृक्षाची उपमा दिली. दुसऱ्याने त्यांना दीपस्तंभ म्हटले. तिसऱ्याच्या वाट्याला हिमालयावाचून काही उरलेच नव्हते. तेव्हा त्याने हिमालयास पाचारण केले. मागच्या रांगेत बसलेले आम्ही काही जण एकमेकांकडे पाहून मंद हसत होतो. सत्कारमूर्तींच्या हाताखाली आम्ही काम केलेले होते आणि त्या वटवृक्षाच्या सावलीत गवताची काडीदेखील उगवत नसे, हे आम्हांस पुरते ठाऊक होते. तथापि खरी मौज पुढेच होती. उत्तरादाखल बोलताना 'मी या स्तुतीस पात्र नाही' असे सत्कारमूर्ती म्हणाले खरे. पण ते म्हणताना त्यांचे डोळे पाणावले होते. त्यांना सारे पटले होते.

निवृत्त माणसाची खुशामत ही बहुधा निरुपद्रवी असते. तिला फळ यायचे नसते. फार तर एक संध्याकाळ गोड होते. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या खुशामतीची गोष्ट निराळी आहे. तिच्यात देवघेव असते, हिशेब असतो आणि त्या हिशेबाची रक्कम पुष्कळदा तिसऱ्याच कोणाच्या नावे पडते. या तिसऱ्या माणसाविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या भाषेने या एका विषयात केवढी शब्दसंपत्ती जमवून ठेवली आहे, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. खुशामत फारशीने दिली, हुजरेगिरी दरबारांनी दिली. खंडोबाच्या पूजेतली तळी उचलता उचलता आपण माणसांचीही तळी उचलू लागलो. शाहिराच्या मागे उभा राहून 'जी जी' म्हणणाऱ्या झीलकऱ्याने री ओढावी, तशी कचेरीत साहेबांची री ओढणारे निघाले. स्वयंपाकघराने लोणी दिले आणि अलीकडच्या पिढीने त्यात चमचा घातला. यांखेरीज तोंडपुजेपणा, लाळघोटेपणा, गोंडा घोळणे, हरभऱ्याच्या झाडावर चढवणे आहेच. आणि ज्याला यांतले काहीच साधत नाही, अशा बापड्यासाठी 'होयबा' हा साधा शब्दही आहे. ज्या समाजात एखाद्या वस्तूला इतकी नावे असतात, त्या समाजात त्या वस्तूचा खप किती असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

यांतला सर्वांत भारदस्त शब्द लांगूलचालन. त्याचा अर्थ मात्र भारदस्त नाही; लांगूल म्हणजे शेपूट आणि चालन म्हणजे हलवणे. ज्याचे नीतिशतक वामन पंडितांनी मराठीत आणले, त्या भर्तृहरीच्या एका श्लोकात हा शब्द येतो. भाकरी टाकणाऱ्यापुढे कुत्रा शेपूट हलवतो, पायांत लोळतो, पोट दाखवतो; हत्ती मात्र स्थिर नजरेने पाहतो आणि शंभरदा मनधरणी केल्यावर घास घेतो, असे ते चित्र आहे. शाळेत हा श्लोक शिकताना प्रत्येकाला आपण हत्ती आहोत असे वाटत असते. एक गोष्ट मात्र तेव्हा लक्षात येत नाही. हत्तीला मनधरणीनंतर का होईना, घास मिळतो. न मिळण्याची धास्ती ज्याला असते, तो शेपूट हलवतो.

सतराव्या शतकात फ्रान्स्वा बर्निये नावाचा एक फ्रेंच वैद्य हिंदुस्थानात आला आणि दानिशमंद खान या विद्वान मोगल सरदाराच्या पदरी काही वर्षे राहिला. दरबारात बादशहाच्या तोंडून कोणतेही, अगदी क्षुल्लक वाक्य बाहेर पडले तरी मोठमोठे उमराव आकाशाकडे हात उंचावून 'करामत, करामत' असा गजर करीत, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवले आहे. ही सवय दरबारातून खाली झिरपली होती. बर्नियेकडे औषधासाठी येणारे रोगीही आधी त्याला त्या काळचा ॲरिस्टॉटल ठरवीत आणि मग नाडी पुढे करीत. पुढे त्याने एका पंडिताची आपल्या धन्याशी गाठ घालून दिली. पंडिताने खानसाहेबांची स्तुती आरंभली: आपण रिकिबीत पाय ठेवून घोडदळाच्या अग्रभागी निघता, तेव्हा पृथ्वी कापू लागते, तिला मस्तकावर धरणाऱ्या अष्टदिग्गजांना तो भार सोसवत नाही, वगैरे. बर्नियेला हसू आवरेना. तो गंभीर चेहरा करून खानाला म्हणाला, की मग आपण घोड्यावर जरा बेतानेच बसावे, भूकंपाने लोकांचे हाल होतील. खानानेही तितक्याच गंभीरपणे उत्तर दिले, की म्हणूनच मी बहुधा पालखीने जातो.

ही गोष्ट मला फार आवडते. कारण तीत स्तुती घेणारा माणूस शहाणा आहे. त्याने पंडिताचा अपमान केला नाही आणि स्वतः हरभऱ्याच्या झाडावरही चढला नाही. असे खानसाहेब दुर्मीळ. माझ्या साऱ्या नोकरीत मला असे अधिकारी दोनच भेटले.

येथे एक भेद केला पाहिजे. सौजन्य म्हणजे खुशामत नव्हे. जुन्या मराठी पत्रांतले मायने पाहावेत. 'अखंडितलक्ष्मीअलंकृत', 'राजमान्य राजश्री', 'तीर्थरूप', 'वडिलांचे सेवेशी': आजच्या वाचकाला हे सारे लोणीच वाटेल. वस्तुतः ते तसे नव्हते. कोणत्या योग्यतेच्या माणसाला कोणता मायना, हे ठरलेले असे. त्या दर्जाच्या प्रत्येकास तोच मान; एका शब्दाने अधिक नाही, एका शब्दाने उणा नाही. जे सर्वांना सारखेच द्यावयाचे, त्यातून कोणाची मर्जी कशी संपादणार? समोरच्यास नमस्कार करणे, त्याच्या कामाची दखल घेणे, त्याच्या दुःखात दोन गोड शब्द बोलणे हा माणुसकीचा मायना आहे. ठरलेल्या मानापेक्षा जो अधिक दिला जातो आणि ज्याच्या मोबदल्यावर डोळा असतो, तेथून खुशामतीची हद्द सुरू होते.

आता कचेरीकडे वळू. सरकारी नोकरीत ज्याने उभे आयुष्य काढले, त्याला 'गोपनीय अहवाल' या दोन शब्दांचा दरारा निराळा सांगावयास नको. वर्षभर केलेल्या कामावर वरिष्ठाने एक शेरा लिहावयाचा आणि तो संबंधितास दिसू नये, अशी ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. शेरा प्रतिकूल असेल तरच कळवला जाई. आता 'चांगला' हा शेरा काही प्रतिकूल नव्हे. पण पदोन्नतीसाठी 'फार चांगला' हवा असेल, तर त्या 'चांगला'नेच माणसाचा घात होई आणि तो का झाला, हे त्याला कळतही नसे. सीमा-रस्ते संघटनेतील देव दत्त नावाच्या एका अभियंत्याचे नेमके असेच झाले. १९९३-९४ या एका वर्षाच्या 'चांगला' शेऱ्याने त्यांची बढती अडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मे २००८ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती कशीही असो, कर्मचाऱ्यास कळवलीच पाहिजे. २०१३ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. केंद्र सरकारने दरम्यान २००८-०९ पासूनचे अहवाल संपूर्ण दाखवण्याचे आदेश काढले होते.

कारकुनांच्या जगात ही लहान क्रांती नव्हती. ज्याच्या हाती आपले भवितव्य आहे आणि ज्याने काय लिहिले हे आपल्याला कधीच कळणार नाही, त्या माणसाशी सरळ वागण्यास मोठे धैर्य लागते. अंधारात सारेच जण गोड बोलतात. पद्धत बदलली म्हणून खुशामत संपली, असे मात्र कोणी समजू नये. शेरा आता दिसतो. तो कशामुळे मिळाला, हे अजूनही कागदावर येत नाही.

हे मी कोणाकडे बोट दाखवून लिहीत नाही. १९८३ सालच्या दिवाळीआधीची गोष्ट आहे. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी, एका कचेरीत कनिष्ठ लिपिक होतो. अक्षर बरे होते, भाषा बरी होती आणि या दोन गोष्टींचा उपयोग कोठे करावा, हे फार लवकर कळले होते. त्या काळी रोजगार हमी योजनेची कामे जोरात होती. १९७७च्या कायद्याने काम मागणाऱ्यास काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले होते, पण केलेल्या कामाची मजुरी हाती पडेपर्यंत कागदांचा मोठा डोंगर ओलांडावा लागे. दिवाळीपूर्वी सर्व मजुरीचे वाटप पूर्ण झाले पाहिजे, असा वरून आदेश आला होता आणि आमच्या साहेबांनी बैठकीत तसा शब्द देऊन टाकला होता.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक वरिष्ठ लिपिक बसत. मितभाषी, थोडे तिरसट, पण नस्ती कधी घरी न नेणारे आणि कधी अडवून न ठेवणारे. त्यांनी टिपणी ठेवली: दोन पाझर तलावांच्या कामांवरील हजेरीपटांची मोजमाप-पुस्तकाशी पडताळणी झालेली नाही, सबब सुमारे तीनशे मजुरांची तीन आठवड्यांची मजुरी बाकी आहे, पडताळणीसाठी तातडीने माणूस पाठवावा. टिपणी सरळ होती. तीत एकही विशेषण नव्हते. साहेबांनी ती वाचून बाजूला सारली आणि मला आत बोलावले. 'जरा भाषा बघा हो यातली,' एवढेच ते म्हणाले.

मी भाषा पाहिली. 'मजुरीवाटपाचे काम अंतिम टप्प्यात असून ते समाधानकारकरीत्या पूर्ण होत आहे,' असे वाक्य मी लिहिले. त्यात शब्दशः खोटे काहीच नव्हते. शिवाय 'मा. साहेबांच्या प्रत्यक्ष मार्गदर्शनामुळे' असे चार शब्द, कोणी सांगितलेले नसताना, मी आपणहून घातले. साहेब प्रसन्न झाले. 'याला म्हणतात ड्राफ्टिंग!' असे ते चार लोकांत म्हणाले. अहवाल वर गेला, वरचे समाधानी झाले, आणि ज्याअर्थी सारे समाधानकारक होते त्याअर्थी माणूस पाठवण्याची घाई कोणालाच उरली नाही. त्या तीनशे जणांची मजुरी कार्तिकी उलटून गेल्यावर मिळाली. मार्च अखेरीस माझा अहवाल 'अत्युत्कृष्ट' लिहिला गेला, हे पुढे साहेबांनीच मला सांगितले. शेजारच्या टेबलावरील गृहस्थांना 'चांगला' मिळाला होता, हे कित्येक वर्षांनी कळले.

मी त्या तीनशे जणांपैकी एकालाही कधी पाहिले नाही. खुशामतीची सोय हीच असते. करणारा आणि करून घेणारा हे दोघे एकाच खोलीत असतात, दोघेही सुखी असतात. आणि किंमत मोजणारा कोठेतरी दूर, खडी फोडीत बसलेला असतो.

लहान कचेरीत जे घडते तेच मोठ्या प्रमाणावर घडले म्हणजे त्याला इतिहास म्हणतात. आणीबाणीच्या काळात काँग्रेसचे अध्यक्ष असलेले देवकांत बारुआ यांची 'इंदिरा म्हणजे भारत' ही घोषणा आजही उदाहरण म्हणून सांगितली जाते. पुढे पक्ष फुटला तेव्हा तेच बारुआ इंदिराजींच्या विरोधी गटात दिसले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. घोषणा हास्यास्पद असते म्हणून तिच्याकडे लक्ष जाते. तिच्या आड चाललेले कागदी काम अधिक भयंकर असते. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. वरच्यांना आकडे आवडतात हे खालच्यांनी ओळखले आणि प्रत्येक पायरीवर आकडा फुगत गेला. उत्तरेतील काही राज्यांत शिक्षकांना माणसे आणण्याचे कोटे देण्यात आले, ते न भरल्यास पगार अडवण्यात आले. शाह आयोगापुढे हे सारे बाहेर आले. जानेवारी १९७७ मध्ये निवडणुकीची घोषणा झाली, तेव्हा लोकांच्या मनात काय चालले आहे हे दिल्लीपर्यंत पोहोचवणारी एकही वाट उघडी नव्हती. वृत्तपत्रांवर नियंत्रण होते आणि अहवाल समाधानकारक होते. मार्चमध्ये खुद्द रायबरेलीत पराभव झाला.

एडवर्ड जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६४ साली या विषयावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. समोरच्याची स्तुती करणे, त्याच्या मताला मत मिळवणे, त्याच्यावर लहानसहान उपकार करणे, त्याला आवडेल असे आपले रूप पुढे करणे: मर्जी संपादण्याचे हे मार्ग त्याने तपासून पाहिले. आपल्या एखाद्या मुरलेल्या हेडक्लार्कला विचारले असते, तर ही यादी त्यास घरबसल्या मिळाली असती! पण त्याने एक पेच दाखवला आहे, तो मार्मिक आहे. ज्याला दुसऱ्याच्या मर्जीची सर्वांत अधिक गरज असते, त्याचाच हेतू सर्वांत लवकर उघडा पडतो. गरजू माणसाची स्तुती स्वस्त ठरते. म्हणूनच बेरके लोक साहेबांसमोर साहेबांची स्तुती करीत नाहीत. ती साहेबांच्या मित्रापाशी करतात.

मग हेतू उघडा पडूनही खुशामत चालते कशी? २०१० साली एलेन चॅन आणि जयदीप सेनगुप्ता या विपणनशास्त्राच्या अभ्यासकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ग्राहकाच्या अभिरुचीचे तोंडभरून कौतुक करणारे एका दुकानाचे पत्रक लोकांना दाखवण्यात आले. हे कौतुक विक्रीसाठीच आहे, हे उघड होते. विचार करून मत देताना लोकांनी ते वजा करून टाकले. पण मनाच्या तळाशी त्या दुकानाविषयी गोडी राहूनच गेली आणि ती टिकली. म्हणजे आपण फसत नाही असे ज्याला वाटते, तोही आतून थोडा विरघळलेला असतोच. सत्कारमूर्तींचे पाणावलेले डोळे मला येथे आठवतात.

मनुष्याची ही दुबळी जागा आता यंत्रांनाही कळली आहे. २०२५च्या एप्रिलमध्ये ओपनएआय या अमेरिकन कंपनीला आपल्या संभाषण करणाऱ्या संगणक-प्रणालीतील एक सुधारणा काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. ती प्रणाली विचारणाऱ्याच्या प्रत्येक म्हणण्याला, मग ते कितीही वेडगळ असो, वाहवा देत सुटली होती. कारण शोधता असे दिसले, की लोकांनी ज्या उत्तरांना पसंतीची खूण केली त्यांकडे तिच्या शिक्षणात अधिक लक्ष दिले गेले होते. थोडक्यात, यंत्राने हजारो साहेबांची मर्जी सांभाळली आणि ते होयबा झाले. त्या बिचाऱ्याला ना बढती हवी होती, ना बदली टाळायची होती.

शिक्षक मंडळींनी रागावू नये. पण या विद्येची पहिली इयत्ता आपल्या शाळांतच भरते. तपासणीला साहेब येणार म्हटले की भिंतींना चुना लागतो, हुशार मुले पुढच्या बाकांवर येतात आणि स्वागतगीताची तालीम सुरू होते. आमच्या लहानपणी ते गीत एकच असे. गेल्या वर्षीच्या पाहुण्यांचे नाव काढून तेथे नव्या पाहुण्यांचे नाव बसवले जाई आणि नाव लांब असले तर चाल ओढून धरावी लागे. ज्या वर्गाचे छप्पर गळते तो वर्ग त्या दिवशी बंद ठेवलेला असे. साहेबांना छप्पर दिसत नसे, म्हणून पुढच्या पावसाळ्यातही ते गळत असे. हा कार्यकारणभाव लक्षात घेण्याइतके आम्ही मोठे नव्हतो. पण कोणता दरवाजा बंद ठेवावयाचा असतो, एवढे शिकलो होतो.

खुशामत करणाऱ्यास तुच्छ लेखणे सोपे आहे. त्याच्या घरी म्हातारी माणसे असतात, मुलांच्या फिया असतात, बदलीची टांगती तलवार असते. मी त्याची बाजू घेतो असे कोणी म्हणेल, थोडीशी घेतोही. पण खुर्चीवरील माणसास ही सवलत देता येत नाही. मॅकियाव्हेलीसारख्या, राजाला नीतीची फारशी अट न घालणाऱ्या लेखकानेदेखील राजाला बजावले आहे की खरे बोलले तरी आपण रागावणार नाही, हे काही निवडक शहाण्यांना ठाऊक असू द्यावे. दानिशमंद खानाला ते साधले होते. आमच्या साहेबांनी ती विशेषण नसलेली टिपणी दोन मिनिटे अधिक वाचली असती, तर त्यांनाही साधले असते. माणूस पाठवण्यास एक जीप आणि एक दिवस पुरेसा होता.

गेल्या वर्षी त्या वरिष्ठ लिपिकांना भेटण्यासाठी मी त्यांच्या गावी जाऊन आलो. वय बरेच झाले आहे, कानांनी कमी ऐकू येते. अंगणात खाटेवर बसून त्यांनी चहा मागवला, जुन्या लोकांची चौकशी केली, कोण आहे कोण गेले याचा हिशेब झाला. मी धीर करून तो १९८३चा विषय काढला. आपण मनात काही ठेवले नसावे, अशा अर्थाचे काहीतरी बोललो. त्यांना आधी आठवेना. मग आठवले. त्या वेळी सुट्टी टाकून ते स्वतःच एसटीने दोन्ही कामांवर गेले होते, हजेरीपट पडताळून आणले होते, आणि म्हणूनच कार्तिकीनंतर तरी मजुरी मिळाली, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले. इतक्या वर्षांत ते कोणालाच त्यांनी सांगितले नव्हते.

मी काही बोललो नाही. ते माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "तुमचं अक्षर मात्र फार सुंदर होतं हो. तसं अक्षर मी पुन्हा कुणाचं पाहिलं नाही."